तेरा भागांची मोटरसायकल

१९८५च्या ४ जानेवारीला, शुक्रवारी रात्री, अमेरिकेतल्या एबीसी वाहिनीवर एक काळी मोटरसायकल पहिल्यांदा धावली. त्याच वर्षी १६ मेला तिचा तेरावा भाग दाखवला गेला आणि कारभार आटोपला. पाच महिनेसुद्धा धड नाहीत. दुसरा हंगाम मिळाला नाही आणि बंद पडली म्हणून कुणी फारसा गळाही काढला नाही. ज्या देशात एकेक मालिका दहा-दहा वर्षं चालायची, तिथे तेरा भाग म्हणजे चिल्लरच.

त्या 'स्ट्रीट हॉक'चं नाव आज महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावात पंचेचाळीस ते पंचावन्न या वयाच्या माणसापुढे काढून बघा. मी हा उद्योग गेलं वर्षभर लग्नात, बँकेत, रेल्वेत करतो आहे. माणूस आधी बोलत नाही. उजवी मूठ पुढे धरतो, मनगट आत वळवतो, तोंडाने एक लांबलचक आवाज काढतो आणि मग म्हणतो, "हायपरथ्रस्ट!" साताऱ्याच्या एका सहकारी बँकेतल्या शाखाधिकाऱ्यांनी कर्जाच्या फायलीवर मूठ आपटून हे केलं, तेव्हा समोर बसलेले कर्जदार दचकले होते.

गोष्ट थोडक्यात सांगून टाकतो, कारण ती थोडक्यातलीच आहे. जेसी माख हा लॉस एंजेलिसचा मोटरसायकलवरचा पोलीस, हौसेने डर्ट बाइकच्या शर्यती मारणारा. कामावर असताना जायबंदी होतो आणि खात्याच्या जनसंपर्क विभागात खुर्चीवर बसवला जातो. मग नॉर्मन टटल नावाचा केंद्र सरकारचा माणूस त्याला गाठतो. सरकारने शहरातल्या गुन्हेगारीशी लढायला एक गुप्त मोटरसायकल बनवली आहे, ती चालवायला माणूस हवा आहे. दिवसा कार्यालयात हसून माहितीपत्रकं वाटायची, रात्री काळं हेल्मेट घालून गुंडांमागे जायचं. हेल्मेटखाली कोण आहे ते एकट्या नॉर्मनला ठाऊक. गाडीला लेझर, रॉकेट, मशिनगन, दाबलेल्या हवेच्या जोरावर उभी उडी, आणि सगळ्यांवर कडी म्हणजे तो हायपरथ्रस्ट: ताशी तीनशे मैल. त्या वेगात गाडी माणसाच्या हातात राहत नाही. वळणं कुठे घ्यायची ते तळावर बसलेला नॉर्मन संगणकावरून ठरवतो.

तीनशे मैल म्हणजे सुमारे चारशे ऐंशी किलोमीटर. आमच्या सांगलीच्या शाळेत हे गणित मधल्या सुट्टीत एकाने वहीच्या मागच्या पानावर सोडवलं होतं. सांगली ते मिरज दहा किलोमीटर, म्हणजे सव्वा मिनिट. हे उत्तर वर्गात फिरलं तेव्हा एक क्षण कुणी बोललं नाही, कारण त्या रस्त्यावर एसटीतून लागणारा वेळ सगळ्यांना माहीत होता. मग एकाने शंका काढली, "आणि मध्ये विश्रामबागचं फाटक लागलं तर?" त्यावर दोन तट पडले. उडी मारेल म्हणणारे एका बाजूला, लेझरने फाटक कापेल म्हणणारे दुसऱ्या बाजूला. वाद पुढच्या आठवड्यापर्यंत पुरला.

आपल्या घरी तेव्हा काय होतं हे आठवलं म्हणजे त्या चारशे ऐंशीचं वजन कळतं. पन्नास सीसीची लुना. बरं चाललेल्या घरात बजाजची स्कूटर, तीही नंबर लावून वाट बघून मिळालेली. १९८५ हेच आपल्याकडे हिरो होंडाची सीडी हंड्रेड आणि यामाहाची आरएक्स हंड्रेड येण्याचं साल. आरएक्सने शंभरी गाठली की कॉलेजची पोरं ती गोष्ट वर्षभर सांगत. अशा गावात एक काळी, टोकदार, पुढून चोच काढलेली गाडी रात्रीच्या ओल्या रस्त्यावरून सुटायची.

*

अमेरिकेत ती का आपटली याचं कारण सरळ आहे. १९८२मध्ये एनबीसीने 'नाइट रायडर' आणली. बोलणारी मोटारगाडी प्रचंड चालली, आणि मग सगळ्यांना एकेक वाहन हवं झालं. १९८४च्या जानेवारीत सीबीएसने 'एअरवुल्फ' हे हेलिकॉप्टर आणलं, त्याच महिन्यात एबीसीने 'ब्लू थंडर' हे दुसरं हेलिकॉप्टर. 'ब्लू थंडर' अकरा भागांत जमिनीवर आलं. त्याआधी 'ऑटोमॅन' म्हणून संगणकातून निघणारा चमचमता माणूस येऊन गेला होता. त्याचीही तेरा भागांपलीकडे मजल गेली नाही. युनिव्हर्सल स्टुडिओची मोटरसायकल या रांगेत उशिरा उभी राहिली, तोवर लोकांचं पोट भरलेलं होतं.

वर तिला वेळ मिळाली ती शुक्रवारी रात्री नऊची. समोर सीबीएसवर 'डॅलस'. टेक्सासच्या तेलसम्राटांच्या घरातली भांडणं बघायला सगळी अमेरिका त्या वेळी बसलेली असायची. त्या हंगामात 'डॅलस' लोकप्रियतेत दुसऱ्या क्रमांकावर होती. पुढे 'स्ट्रीट हॉक'ला गुरुवारी आठला हलवलं, तर तिथे एनबीसीवर 'द कॉस्बी शो', तिसऱ्या क्रमांकावरचा. आधी एका पहिलवानापुढे टाकलं, मग उचलून दुसऱ्यापुढे. वाहिनीने ज्यांच्या हाती ही वेळापत्रकं दिली होती त्यांना ती मोटरसायकल मनापासून जगवायची होती असं मला वाटत नाही.

आपल्याकडे ती आली तेव्हा तिच्यासमोर कुणी नव्हतंच. दिल्ली-मुंबईला दूरदर्शनची दुसरी वाहिनी होती, पण तालुक्यात एकच. १९८२मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम आणि रंगीत प्रक्षेपण सुरू झालं, १९८४मध्ये तर देशात जवळपास रोज एक या गतीने कमी शक्तीची प्रक्षेपण केंद्रं उभी राहिली आणि गावागावांच्या गच्च्यांवर ॲल्युमिनियमच्या काड्या उगवल्या. त्यावर जे उतरेल ते बघायचं. शेतीचा कार्यक्रम, बातम्या, छायागीत आणि अधूनमधून, दिल्लीत कुणी कशी निवड केली देव जाणे, परदेशी मालिका. जपानचा 'जायंट रोबोट' आला, 'स्टार ट्रेक' आली, 'ही-मॅन' आला, ल्युसीबाई आल्या. त्यांच्या देशात कोण गाजलं, कोण पडलं याचा आम्हाला पत्ता नव्हता. 'स्टार ट्रेक' आणि 'स्ट्रीट हॉक' एकाच पंगतीला, एकाच पानावर.

म्हणजे ज्या मक्तेदारीला आपण आज नावं ठेवतो, तिनेच या पडेल मालिकेला अभय दिलं. अमेरिकेत तिच्यासमोर रिमोट होता. इथे रिमोट असता तरी दाबून जाणार कुठे?

*

आता मुद्द्याचं. ज्यांनी ही मालिका डोक्यावर घेतली त्यांतल्या बहुतेकांना तिच्यातलं काही कळत नव्हतं.

मालिका इंग्रजीत होती. आमच्या वर्गात इंग्रजी पाचवीत सुरू झालेलं, आणि त्यातही 'धिस इज अ पेन'च्या पुढे फार गेलेलं नव्हतं. लॉस एंजेलिसचे पोलीस ओठ न हलवता जे बोलतात ते आमच्या इंग्रजीच्या सरांनाही कळत नसणार. (सर मालिका बघत. वर्गात त्याबद्दल विचारलं की फळ्याकडे वळत.) त्यामुळे घडायचं असं की संवादांच्या वेळात आम्ही जेवून घ्यायचो. हेल्मेट दिसलं की ताट सरकवून पुढे. मालिकेचा तीनचतुर्थांश भाग आमच्या दृष्टीने गाडी येईपर्यंतचा प्लॅटफॉर्म होता.

दुसऱ्या दिवशी शाळेत मात्र तो सगळा भाग सांगावा लागे, कारण निम्म्या पोरांकडे टीव्ही नव्हता. सांगणारा ठरलेला: ज्याच्या घरी क्राऊनचा लाकडी शटरवाला संच होता तो. त्याला घटना दिसलेल्या असत, कारणं ऐकलेली नसत. कारणं तो स्वतः भरी. खलनायक कोण? सोनं चोरून नेणारा. का? त्याच्या बहिणीच्या लग्नासाठी. जेसीला राग का आला? त्याच्या वडिलांना यांनीच मारलं होतं. अमेरिकन पटकथेत मायबाप, सूड, राखी, सगळं हिंदी सिनेमातून येऊन बसायचं. नॉर्मनला आमच्याकडे 'मामा' म्हणत. टक्कल पडत चाललेला, घाबरट, सारखा ओरडणारा आणि तरी प्रत्येक वेळी मदतीला धावणारा माणूस मामाशिवाय कोण असणार?

रत्नागिरीत वाढलेल्या, आता पुण्यात एका वाहनउद्योगात डिझाइनचं काम करणाऱ्या एका बाईंनी मला सांगितलं, की त्यांच्या वाड्यात जेसी खराच लंगडा होता आणि फक्त मोटरसायकलवर बसला की बरा व्हायचा. नागपूरच्या एका सद्गृहस्थांच्या मोहल्ल्यात मोटरसायकलच जिवंत होती आणि नॉर्मन हा तिचा मालक-कम-मांत्रिक. तीन गावं, तीन मालिका. वर एक अफवा मात्र सगळीकडे सारखी: मालिका अचानक थांबली कारण हिरो उडी मारताना मेला. आमच्याकडे तर तो कुठल्या पुलावरून पडला तेही पोरांना माहीत होतं.

हिरो मेलेला नव्हता. रेक्स स्मिथ हा मुळात गायक. १९७९मध्ये त्याचं एक हळवं प्रेमगीत अमेरिकेत पहिल्या दहात गेलं होतं, ब्रॉडवेवर तो 'ग्रीस' आणि 'द पायरेट्स ऑफ पेन्झान्स'मध्ये गायला होता. मोटरसायकलवरून उतरल्यावर १९८९मध्ये एका टीव्हीपटात त्याने डेअरडेव्हिलचं काम केलं. ज्याच्या मृत्यूचा आम्ही मधल्या सुट्टीत शोक केला तो माणूस तिकडे व्यवस्थित गात होता.

*

२०१०मध्ये शाउट फॅक्टरी या अमेरिकन कंपनीने सगळी मालिका डीव्हीडीवर काढली. न्यू जर्सीच्या मावसभावाने ती आणली आणि माझ्याकडे ठेवून गेला. त्याच्या घरी बघायला कुणी तयार नव्हतं. मी ओळीने बघितली. या वेळी इंग्रजी कळत होतं, हीच अडचण.

कारण मालिका प्रामाणिकपणे मध्यम आहे. गुंड ठोकळेबाज, विनोद बेताचे, जेसीचे वरिष्ठ कॅप्टन आल्टोबेली दर भागात त्याच कारणाने चिडतात. पहिल्या भागात खलनायक ख्रिस्तोफर लॉइड आहे, त्याच वर्षी पुढे 'बॅक टु द फ्यूचर'चा विस्कटलेल्या केसांचा शास्त्रज्ञ होणारा. तो आला की पडदा जागा होतो. एका भागात जेसीचा जुना मित्र म्हणून एक देखणा, अनोळखी पोरगा येतो. तो जॉर्ज क्लूनी. बाकी बोलणंच बोलणं. गाडी किती कमी वेळ दिसते! आणि दिसते तेव्हा तेच रस्ते, तीच वळणं परत परत वापरलेली. वेगाची युक्तीही उघडी पडते: कॅमेरा सेकंदाला चोवीसपेक्षा कमी चौकटी टिपत चालवायचा आणि पडद्यावर चोवीसच्या गतीने सोडायचा. मग साधी चाललेली गाडीही बाणासारखी सुटते आणि रस्त्यावरच्या दिव्यांच्या रेघा होतात.

तरीही पहिल्या भागात ती सुटली तेव्हा माझं मनगट वळलंच. त्याचं श्रेय मी चित्राला देत नाही, आवाजाला देतो. संगीत होतं बर्लिनच्या 'टँजरीन ड्रीम'चं. एडगर फ्रोजेने उभा केलेला हा वाद्यवृंद सिंथेसायझरवर वाजवणाऱ्यांतला बिनीचा. सिनेमावाल्यांना ते आधीच ठाऊक होते. मायकेल मानच्या 'थीफ'चं संगीत त्यांचंच. 'स्ट्रीट हॉक'ची धून त्यांनी १९८५च्या 'ल पार्क' या अल्बममध्ये घेतली, ज्यात एकेका रचनेला जगातल्या एकेका बागेचं नाव आहे. धडधडत राहणारा खालचा ठेका, वर तरंगणारे लांब सूर. टीव्हीच्या चार इंची स्पीकरमधून, व्होल्टेज खालीवर होत असताना, ते सूर आमच्या सांगलीत येऊन पडले. भाषा कळण्याची अट त्यांना नव्हती. त्या वयात जर्मन इलेक्ट्रॉनिक संगीताचे दर्दी झालेलो आम्ही, आम्हाला कुणी सांगितलंच नाही.

नॉर्मनचं काम जो रेगलब्युटोने केलंय आणि परत बघताना मालिका त्याचीच निघाली. लहानपणी जो माणूस फक्त 'नको, नको' म्हणणारा वाटला, तो खरं तर प्रकल्पप्रमुख आहे. वर अर्थसंकल्प मागणारं सरकार, खाली त्याने वर्षानुवर्षं खपून बांधलेलं यंत्र, आणि ते यंत्र हातात असलेला एक बेफाम गडी, जो चाचणी न झालेली गोष्ट थेट रस्त्यावर वापरतो आणि वर हसतो. डिझाइनवाल्या बाईंना हे बोललो तर त्या म्हणाल्या, "अहो, मी पंचवीस वर्षं नॉर्मनच आहे. जेसी सगळे मार्केटिंगमध्ये असतात."

*

आपलं धाडस आपण पडद्यावर आणायचा प्रयत्न केलाच नाही असं नाही. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा फास्टर फेणे ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर आला, आणि तो झाला होता सुमीत राघवन. १९८९मध्ये आनंद महेंद्रू यांची 'इंद्रधनुष' आली: संगणक, परग्रहावरचे पाहुणे, काळातला प्रवास. तिच्यात गिरीश कार्नाड होते, उर्मिला मातोंडकर आणि आशुतोष गोवारीकर होते आणि एक गुबगुबीत करण जोहरही. तीही तेराच भागांची. दूरदर्शनचा हिशेबच तेराचा, तीन महिन्यांचे आठवडे मोजून. 'इंद्रधनुष' बघितलेली माणसं भेटली की कथा नीट सांगतात, पात्रांची नावं सांगतात; हिंदी कळत होतं ना. पण कुणी मूठ वळवत नाही. जी गोष्ट समजली ती तिथेच संपली. 'स्ट्रीट हॉक' न समजल्यामुळे आमच्या हातात कच्चा माल म्हणून उरली, आणि पोरांनी तिचं काय वाटेल ते केलं. माझी तरी हीच समजूत आहे. फेणेची गोष्ट निराळी. तो पुस्तकांतून आधीच घरचा होता, त्याला टीव्हीची गरज नव्हती.

*

शेवटी, ही गाडी आपल्याकडे बनवता येईल का ते विचारायला, मी पुण्यात नाना पेठेत गेलो. दुचाकीचा कुठलाही सुटा भाग जिथे मिळतो त्या गल्ल्यांमधल्या एका बोळात, फायबरचं काम करणाऱ्या एका कारागिराचं शेड आहे. वय पन्नासच्या आसपास. शर्यतीच्या गाड्यांची कव्हरं, ॲम्ब्युलन्सची टपं, बागेतले डायनासोर, सगळं करतात. मोबाइलवर चित्र दाखवलं. त्यांनी काही विचारायच्या आधी मूठ वळवली.

मग चष्मा लावून चित्र मोठं केलं आणि त्यांचा आवाज बदलला.

"आत काय आहे? होंडा ना?"

होंडाच. मालिकेसाठी होंडाच्या पाचशे सीसीच्या, खडबडीत रस्त्यांवर पळणाऱ्या गाड्या घेऊन त्यांच्यावर कवच चढवलं होतं. कवच आखलं अँड्र्यू प्रोबर्टने, ज्याने 'बॅक टु द फ्यूचर'च्या डिलोरियनलाही रूप दिलं.

"बघा, मातीतली गाडी घेतली ते बरोबर," ते म्हणाले. "शॉकअप लांब, उडी झेलतो. पण हे एवढं मोठं नाक पुढे बसवलं की हँडल वळायला जागा कुठे? यांची गाडी वळतच नसणार. सरळ पळवायची, कट करायचं." बाजूला एक साचा उलटा पडलेला होता. त्याला मेणाचा हात मारलेला, वर जेलकोटचा काळा थर नुकताच सुकलेला. त्यांचा पोऱ्या त्यावर काचेच्या धाग्यांची मॅट पसरत होता आणि ब्रशने रेझिन ठोकत होता. ओढत नव्हता, ठोकत होता, कारण ओढलं की मॅट सरकते आणि बुडबुडा राहतो. शेडमध्ये डोकं धरेल असा उग्र वास. "हार्डनर जास्त पडला की तापतं आणि तडकतं," ते त्याच्याकडे न बघता म्हणाले. "आणि यांनी इंजिन सगळीकडून झाकलंय. हवा कुठून घेणार? पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये लक्ष्मी रोडपर्यंत पोचायच्या आत सीझ होईल."

मी म्हटलं, म्हणजे होणार नाही?

"होईल की. साचे चार लागतील. टाकीचं झाकण वेगळं, शेपटी वेगळी. दोन महिने द्या." थांबले. "पण पासिंग होणार नाही साहेब. आरटीओवाला दारातनं परत पाठवेल." ते खरं होतं. २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२प्रमाणे उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रूपात असा बदल करून गाडीची नोंदणी होऊ शकत नाही. त्यात लेझर कुठे बसवणार आणि पीयूसी कसं काढणार हे प्रश्न मी विचारलेच नाहीत.

त्यांनी चित्र स्वतःच्या फोनवर पाठवून घेतलं. पोऱ्याला बोलावून दाखवलं, त्याने बघितलं, "गेममधली आहे का?" म्हणाला आणि मॅटकडे परत गेला. कारागीर मात्र चित्र दोन बोटांनी ताणत राहिले, नाकाचं माप अंगठ्याने घेत राहिले.

"गणपतीत देखाव्याला लावली तर चालेल," ते म्हणाले. "आमच्या मंडळाला सांगतो. स्टेजवर फिरती ठेवायची, खाली मोटर. तिथं पासिंग लागत नाही. फक्त ते म्युझिक तेवढं तुम्ही मिळवून द्या."